वेरूळ, तांब्यावर आणि कागदावर

वेरूळच्या लेण्यांची चोवीस छापचित्रे १८०३ साली लंडनमध्ये निघाली. त्यांच्यामागे पुण्याचा एक चित्रकार उभा आहे, गंगाराम चिंतामण तांबट नवगिरे. मला सांगायचे आहे ते त्याच्याबद्दल.

चित्रावरून छाप काढण्याची युरोपातली रीत जुनी. राफाएलने रोममध्ये भिंतीवर जलदेवी गॅलाटिया रंगवली आणि मार्कान्तोनियो रायमोंदीने ती तांब्यावर कोरली. भिंत रोममध्येच राहिली, कागद देशोदेशी फिरला. पुढे छापाच्या एका कोपऱ्यात मूळ चित्रकाराचे आणि दुसऱ्यात कोरणाऱ्याचे नाव देण्याचा रिवाज रुळला.

वेरूळच्या छापांची गोष्ट पुण्यात सुरू होते. चार्ल्स मॅलेट १७८६ पासून तिथे पेशवे दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत उतरला, पुढे पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीसांची तैलचित्रे त्याचीच. शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली आणि गंगाराम तिथला शिष्य म्हणून ओळखला जातो. पण पेशव्यांच्या गेंड्याचे गंगारामने काढलेले चित्र १७९० चे आहे. वेल्स येण्याआधीच त्याची नजर आणि हात तयार होते, हे त्याला नुसता शिष्य ठरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे. मॅलेटसाठी त्याने वेरूळची लेणीही रेखाटली.

वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याची रेखाटने घेऊन लंडनमध्ये थॉमस डॅनिएलने तांब्याचे पत्रे तयार केले. डॅनिएल हिंदुस्थानात सात वर्षे हिंडला होता, मुंबईजवळची लेणी त्याने वेल्ससोबत पाहिली होती. वेरूळ मात्र पाहिले नव्हते. या छापांची रीत अशी: पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून तापवायची, मग पत्रा आम्लात बुडवायचा. आम्ल कणांच्या मधले तांबे खाते. जिथे जास्त खाल्ले तिथे शाई जास्त धरते. लेण्याच्या पोटातला काळोख असा कागदावर उतरतो. पत्र्यावर चित्र उलटे काढावे लागते, तेव्हाच छाप सुलटा येतो. हा उलटसुलट मेळ चुकला तर देवाच्या उजव्या हातातले आयुध डाव्या हातात जाते. कैलास हलवणारा रावण किंवा चतुर्भुज विष्णू छापताना ही चूक परवडत नाही.

वेरूळच्या या छापसंग्रहाच्या शीर्षकपृष्ठावर दोन नावे आहेत: रेखाटणारा वेल्स आणि कोरून घेणारा डॅनिएल.

गंगाराम तांब्याचे काम करणाऱ्या तांबट समाजातला, पण त्याची चित्रे कागदावरच आहेत. त्यातली बरीच आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जपलेली आहेत. वेरूळच्या त्याच्या चित्रांचे चांगले मराठी पुस्तक निघावे आणि लेण्यांपाशी ते विकायला असावे, असे मला मनापासून वाटते. डॅनिएलच्या छापांशेजारी ती चित्रे ठेवून पाहिली, तर वेल्सइतकाच गंगारामही वेरूळचा चित्रकार होता हे कोणालाही दिसेल.