विमानाची प्रतिकृती

नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यात पूर्वी मिग-२१ ही लढाऊ जेट विमाने बांधली जात. भारतीय वायुसेनेत ती १९६३ साली दाखल झाली आणि २०२५ साली सेवेतून निवृत्त झाली. आता त्यांचे रूप मुलांना दाखविण्याचे काम प्रतिकृती करू शकते. परंतु ती प्रमाणशीर असेल तरच.

अशी प्रतिकृती पुष्कळदा मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी करतात. मिगच्या पंखांचा विस्तार सुमारे ७१५ सेंटिमीटर. त्यास ७२ ने भागले असता जवळजवळ १० सेंटिमीटर येतात. प्रत्येक माप असेच काढून प्रथम कागदावर आराखडा रेखाटावा. धसईसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावी पांगाऱ्याचे हलके, मऊ लाकूड या कामास उपयोगी पडते. धड, त्रिकोणी पंख आणि शेपूट वेगवेगळी कोरून, काचकागदाने घासून सांधावीत. नाकातील शंकू विसरू नये. त्याच्या सभोवारच्या पोकळीतूनच इंजिनास हवा मिळते. शेवटी रंग देऊन वायुसेनेचे केशरी, पांढऱ्या व हिरव्या वर्तुळांचे चिन्ह काढावे.

प्रतिकृतीत एका मिलिमीटरची चूक झाली, तर खऱ्या विमानाच्या मापाने ती ७ सेंटिमीटरांहून मोठी ठरते. ज्याने मूळ विमान कधी पाहिले नाही, तो प्रतिकृतीलाच खरे मानतो. म्हणून घाई न करता प्रत्येक माप पुन्हा पडताळून पाहावे.