जिनातील बेअरिंग आणि तेलवाला

वऱ्हाडात कापसाची गोष्ट निघाली म्हणजे ती भावाची निघते, बोंडअळीची निघते. त्याच कापसाची रुई करणाऱ्या जिनात शाफ्ट ज्या जागी टेकून फिरतो, त्या बेअरिंगविषयी व्याख्यानमालेत सहसा कोणी बोलत नाही. मी इंजिनिअर नव्हे. अकोला-अमरावतीकडील जिन-प्रेसच्या कामगारांत हिंडताना हा विषय शिकणे भाग पडले. कारण अपघाताचा माग काढीत गेले की तो पुष्कळदा बेअरिंगपाशी येऊन थांबे.

बैलगाडीच्या आसाला वंगण हवे, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असते. वंगणाने लोखंड गुळगुळीत होते, एवढीच आपली समजूत. खरा प्रकार याहून मौजेचा आहे. १८८३ साली इंग्लंडात बीचम टॉवर या इंजिनिअराने बेअरिंगवर प्रयोग चालविले होते. शाफ्टवर दाबून बसविलेल्या पितळी वाटीला, जेथे भार सर्वांत अधिक तेथेच, त्याने तेल घालण्यासाठी वरून भोक पाडले. शाफ्ट फिरताच तेल आत जाईना. उलट भोकातून वर येऊ लागले. बूच मारले तर ते बाहेर आले, लाकडी खुंटी ठोकली तर तीही ढकलली गेली! फिरता शाफ्ट तेलाला आपल्याबरोबर ओढून चिंचोळ्या फटीत कोंबतो. तेथे एवढा दाब उत्पन्न होतो की सारा भार तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली याचे गणित मांडले. तेव्हा नीट चाललेल्या वाटीच्या बेअरिंगात धातू धातूला शिवतच नाही. तेल आटले, फार पातळ झाले किंवा त्यात कचरा गेला, की पापुद्रा फाटतो, धातू धातूवर घासतो आणि बेअरिंग तापते.

आता जिनातील हवा डोळ्यांपुढे आणा. तंतू सगळीकडे उडत असतात. ते बेअरिंगच्या तोंडाशी बसतात, दिव्याच्या वातीप्रमाणे तेल शोषून बाहेर ओढतात. आत कोरडे बेअरिंग आणि बाहेर तेलात भिजलेली वात. आग लागायला आणखी काय हवे? शिवाय सरकीचे तेल हाताशी व स्वस्त म्हणून कोणी तेच घालतो. ते उष्णतेने आणि हवेने चिकट होते, चोथा धरते. त्यात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग तर आपोआपही तापतो. खनिज तेलच घालावे.

नव्या जिनांना गोळ्यांची बेअरिंगे असतात. त्यांना ग्रीस लागते. ग्रीस म्हणजे साबणाने धरून ठेवलेले तेल. येथे उलटी चूक होते. ‘जास्त भरले तर जास्त चालेल’ म्हणून बेअरिंग ठासून भरतात. मोकळ्या जागेचा तिसरा ते अर्धा हिस्सा भरला की पुरे. अधिक झाले तर ग्रीस घुसळले जाऊन तेच तापते. पट्टा वाजवीपेक्षा ताणला तरी बेअरिंगावरच भार येतो.

एवढे सगळे ज्याला कळावे लागते त्या तेलवाल्याची गणना मात्र अकुशल कामगारांत! १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमाने असा दंडक घातला, की चालत्या यंत्राला तेल घालणे भागच पडले तर ते खास शिकविलेल्या प्रौढ पुरुषानेच, अंगाबरोबर बसणारे कपडे घालून करावे; स्त्रियांना आणि अल्पवयीनांना ते काम देऊ नये. जिनात कापूस टाकायला बाया असतात, त्यांचा पदर असतो. ‘जरा तेवढे तेल सोड गं बाई,’ असे सांगणारा मुकादम काय सांगतो आहे, हे त्यालाही कळत नाही. वास्तविक ग्रीसची नळी जाळीबाहेर काढून ठेवायला खर्च तो कितीसा? आणि शाफ्ट रोज दहा मिनिटे थांबविला तर किती गाठी कमी पडणार, हा हिशेब आम्ही मालकांकडे मागतो. तो अजून कोणी मांडून दाखविलेला नाही.

हंगाम संपताच जुने ग्रीस काढावे, बेअरिंग रॉकेलने धुऊन, वाळवून, नवे भरावे, पट्टे सैल करावे. पावसाळ्यात उभ्या शाफ्टच्या बेअरिंगला ओलीने गंज धरतो, म्हणून तो आठवड्यातून एकदा हाताने फिरवावा लागतो. पण त्या दिवसांत तेलवाला घरी बसलेला असतो, कारण तो हंगामी. पावसाळ्याचे चार महिने त्याला हजेरीवर ठेवा, ही आमची मागणी आहे.