स्मार्टफोनद्वारे चर्चमधील उपासनेचे चित्रण : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात
भंडारा, तुमसर, साकोली अशा ठिकाणच्या लहान ख्रिस्ती मंडळीस स्वतंत्र कॅमेरा परवडेलच असे नाही. तथापि वृद्ध, आजारी व परगावी गेलेल्या सभासदांपर्यंत उपासना पोहोचविण्यास स्मार्टफोन पुरेसा ठरतो. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास चित्रात पट्टे उमटत नाहीत. चित्रण खिडकीकडे पाठ करून करावे. मायक्रोफोन प्रवचनकाराजवळ असावा. अन्यथा प्रतिध्वनीत शब्द हरवतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तींच्या डेटासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. म्हणून बाप्तिस्म्याचे वा बालकांचे चित्रण प्रसारित करण्यापूर्वी संमती घ्यावी. प्रार्थनेत ढाळलेले अश्रू हा प्रसारणाचा विषय नव्हे.