नाव नसलेली जन्मनोंद

पणजोबांच्या जन्माचा पुरावा हवा म्हणून शिरोळच्या तहसील कार्यालयात अर्ज करावा, जुन्या रजिस्टरची नक्कल हाती पडावी आणि तीत पणजोबांचं नावच नसावं, असं पुष्कळांचं होतं. पण नक्कल चुकीची असेलच असं नाही.

लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, तो गाव नमुना 14. बाळ जन्मलं की खबर लगेच जायची. बारसं बाराव्या दिवशी. त्यामुळे रकान्यात बापाचं नाव, जात आणि नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. मात्र बापाचं नाव 'बाळू बिन राणू' अशा धर्तीचं असेल, तर राणू हा बाळूचा बाप, म्हणजे एका ओळीत आणखी एक पिढी हाती लागते. त्याच बापाच्या नावावरच्या पुढच्या-मागच्या नोंदी काढून भावंडांचा क्रम लावला, की आपला माणूस कोणता ते बहुधा उलगडतं. शाळेच्या दाखल्यावरची 1 जूनची तारीख तेवढी प्रमाण मानू नये. ती बऱ्याचदा गुरुजींनी अंदाजानं घातलेली असते.

स्कॉटलंडमध्ये 1855 साली सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी आईबापांचं वय, जन्मगाव, लग्नाची तारीख, आधीची मुलं, सारं विचारलं जाई. ते इतकं जड झालं की पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. आपल्याकडे आईचं माहेर कोणतं, एवढा एक रकाना असता तरी किती घराण्यांची वाट सोपी झाली असती!

कारण पहिलं बाळंतपण माहेरी. थोरल्या मुलाची नोंद सापडायची ती आजोळच्या दप्तरात, आणि शिरोळ तालुक्यात आजोळ म्हणजे कित्येकदा दुसरं राज्य. शिरोळ कोल्हापूर संस्थानात, तर शेजारचं कुरुंदवाड पटवर्धनांचं. कुरुंदवाड 1948 साली विलीन झालं, कोल्हापूर 1 मार्च 1949 रोजी. मिरज, चिकोडीकडची आजोळं आणखी वेगळ्या अमलाखाली. शाहू महाराजांनी वसवलेलं जयसिंगपूर तर विसाव्या शतकातलं. त्याआधीच्या पिढीचा शोध आसपासच्या जुन्या गावांतच घ्यावा लागतो.

वर्ष शके असेल तर 78 मिळवा, फसली असेल तर 590; वर्ष जानेवारीत बदलत नसल्यानं एखादं साल इकडेतिकडे होतं. मजकूर मोडीत असेल तर जाणकारालाच दाखवा. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज साऱ्या राज्याला कळली.

अर्ज लिहिण्याआधी मात्र घरातल्या वयस्कर आत्याला गाठा. पणजीचं माहेर कोणतं आणि थोरला कुठं जन्मला, हे तिला ठाऊक असेल तर पहिला अर्ज त्या गावासाठी करा.