एकतिसावे मूल

आवणीचे दिवस. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या भातखाचरांत घरोघरची माणसे सकाळपासून वाकलेली असतात. मोठी मुलगी बांधावर बसून धाकट्या भावंडाला सांभाळते. तिकडे पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजी हजेरी घेतात आणि उत्तर न आलेल्या नावापाशी क्षणभर थांबतात. आपण म्हणतो, एक पोर आले नाही म्हणून काय शाळा बंद पडते? पण गैरहजर राहता राहता एखादे नाव पटावरून सुटते, आणि लहान गावच्या शाळेत त्या एका नावावर फार काही अवलंबून असते. ते कसे, हे प्रत्येक शेतकरी कुटुंबाने नीट समजून घेतले पाहिजे.

पैसा पटावर मोजला जातो

शिक्षकांचा पगार शासन जिल्हा परिषदेमार्फत देते. त्याखेरीज शाळा चालवायला जो किरकोळ खर्च लागतो, त्यासाठी समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला एकत्रित अनुदान मिळते. खडू, नोंदवह्या, वीजबिल, नळाची तोटी, फुटलेली कौले, सारे त्यातूनच. किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा, असाही दंडक आहे.

या अनुदानाचे दर पटावर ठरलेले आहेत. ३० पर्यंत मुले असतील तर वर्षाला १०,००० रुपये. ३१ ते १०० मुले असतील तर २५,००० रुपये. म्हणजे ३० मुलांच्या शाळेला महिन्याकाठी साडेआठशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. पण एकतिसावे मूल पटावर आले की शाळेचे अनुदान १५,००० रुपयांनी वाढते. ते मूल तुमचे असेल, नाही तर शेजारच्या वाडीतले असेल.

गुरुजी किती मिळणार?

शिक्षकांचेही तसेच आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार, असे प्रमाण दिले आहे. शासन दर वर्षी या हिशेबाने पदे मंजूर करते. तिला संचमान्यता म्हणतात, आणि तिच्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. तिचे नियम शासन वेळोवेळी बदलत असते, पण पाया पटाचाच राहतो.

आता दोन शिक्षकांची शाळा डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्यांत चार-पाच वर्ग. एक गुरुजी पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन चौथीला भागाकार शिकवतात. त्यांतले एक बैठकीला, निवडणुकीच्या कामाला किंवा रजेवर गेले की उरलेल्या एकावर सगळी शाळा. ते पोषण आहाराचा हिशेब लिहितात, माहिती भरतात आणि उरल्या वेळात शिकवतात. मग पालक म्हणतात, इथे शिकवतच नाहीत. ऐपत असलेला आपले मूल पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी शाळेत धाडतो. पट आणखी घटतो. पट घटला की शिक्षक घटतो, आणि शिक्षक घटला की पुन्हा पट घटतो. हे चाक एकदा फिरू लागले की थांबवणे अवघड.

मंजूर पदसुद्धा भरलेले असतेच असे नाही. रिकाम्या जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नयेत, असे कायदा सांगतो. पण २ मे २०१२ च्या आदेशाने राज्यातील शिक्षकभरती थांबली आणि पुढे कित्येक वर्षे ती रखडली. त्याची झळ आडबाजूच्या शाळांना अधिक लागली.

दिवाळीनंतरची रिकामी शाळा

आपल्या भागातले आणखी एक दुखणे म्हणजे स्थलांतर. भात झोडून झाले की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरे बरोबरच जातात. सप्टेंबरात पटावर असलेले मूल जानेवारीत भट्टीवर विटा उलटत असते. पट कागदावर राहतो, पण मुलाचे वर्ष वाया जाते. दोन-तीन वर्षे असे गेले की पोर शाळेत परतायला लाजते.

अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. ते कार्ड घेऊन मूल भट्टीजवळच्या शाळेत बसू शकते. जाण्यापूर्वी ते गुरुजींकडून मागून घ्यावे.

जवळची शाळा का हवी?

डिसेंबर २०१७ मध्ये राज्यातील दहापेक्षा कमी पटाच्या १,३०० हून अधिक शाळा बंद करून मुले दुसरीकडे पाठवण्याचे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना पुढे आली. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळचे दाखले देऊन अशा शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवले गेले.

यामागचा विचार अगदीच चुकीचा नाही. पाच-सात मुलांत खेळायला गडी मिळत नाही. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, वाचनालय होऊ शकते. पण आपल्या भागाचा पाऊस कचेरीतल्या नकाशावर दिसत नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे इथे पाऊस किती पडतो ते कळेल. श्रावणात वहाळ भरून वाहत असताना सहा वर्षांची पोर पलीकडच्या गावच्या शाळेत कशी जाणार? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हे कायद्याचे सूत्र त्यासाठीच आहे. शाळा दूर गेली की आधी घरी बसते ती मुलगी.

आणि शिक्षक गावात असला म्हणजे काय होते, ते मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाने दाखवले. तिथले जिल्हा परिषद शिक्षक योगेंद्र बांगर यांनी गावकरी आणि एका धर्मादाय संस्थेच्या साहाय्याने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत येऊ लागल्या. अंगठा देणारे हात सही करू लागले. अशा उपक्रमाचे मोल पटाच्या रकान्यात कुठे मांडणार?

आपण काय करू शकतो?

शासनाने आपले काम करावेच. पण काही गोष्टी गावाच्या हातात आहेत.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तिच्या सभेला जा. अनुदान किती आले, कशावर खर्च झाले, हे विचारा. विचारणे म्हणजे गुरुजींवर संशय घेणे नव्हे.

जूनमध्ये पाड्यापाड्यावर फिरून सहा वर्षे पुरी झालेल्या मुलांची यादी करा. एखादे घर सुटले तर तेच तुमचे एकतिसावे मूल असेल.

शाळेचा विकास आराखडा समितीनेच करायचा असतो. रिकाम्या पदाची मागणी त्यात लिहा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.

शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथल्या ग्रामपंचायतींना पेसा कायद्याखाली पाच टक्के अबंध निधी मिळतो आणि त्यातून शिक्षणावर खर्च करता येतो. ग्रामसभेत रस्ता आणि समाजमंदिराबरोबर शाळेच्या गळक्या कौलांचाही ठराव मांडा.

आणि शेवटचे, सर्वांत सोपे. आवणी असो, झोडणी असो, पोराला शाळेत पाठवा. चूड लावायला एक हात कमी पडेल, पण त्याचे काम शेजारी इर्जिकीने करून घेता येते. गावातून उठून गेलेली शाळा मात्र कितीही इर्जिक केली तरी सहजासहजी परत येत नाही.