अर्थाची ओढ आणि प्रश्नाची धग

प्राण्याची सारी धडपड भूक, तहान व भय यांतून उगवते आणि त्या गरजा भागल्या की तो स्वस्थ बसतो, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसशास्त्रात प्रबळ होती. हॅरी हार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी तिला तडा दिला. खिट्टी, आकडा आणि कडीकोयंडा असलेली कोडी ऱ्हीसस माकडांपुढे ठेवली असता, खाण्याचे कोणतेही आमिष नसताना ती माकडे कोडी पुन्हा पुन्हा सोडवत राहिली. मानवी कुतूहलाचे पुढचे वैशिष्ट्य जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडले: जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक व्हावेसे वाटते, त्यांतील अंतराची जाणीव झाली की मनाला एक प्रकारची टोचणी लागते. ज्या विषयाची तोंडओळखही नाही, त्याविषयी कुतूहल सहसा का जागत नाही, याचा उलगडाही या विवेचनातून होतो.

अर्थाची ओढ मात्र वेगळ्या दिशेने काम करते. फ्रिट्झ हायडर व मॅरियान झिमेल यांनी १९४४ साली दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे सरकताना दाखवणारा छोटा चित्रपट प्रेक्षकांना दाखवला, तेव्हा जवळजवळ सर्वांनी त्या आकृत्यांना हेतू व स्वभाव बहाल करून पाठलागाची आणि भांडणाची कथा सांगितली. विस्कळीत घटना कथेत गुंफल्या गेल्या की मन निवांत होते. आणि इथेच खरी अडचण आहे, कारण जो अर्थ माणसाला जगण्याचे बळ देतो तोच पुष्कळदा पुढचा प्रश्न थांबवतो. संप्रदाय, विचारसरणी, कुळकथा यांच्या इतिहासात याची उदाहरणे विपुल आहेत. उलट उदाहरणे विरळ आणि म्हणूनच अधिक मोलाची.

धर्मानंद कोसंबी हे असे एक उदाहरण होय. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या या माणसाला मराठी मासिकातील बुद्धचरित्राने झपाटले आणि १८९९ च्या अखेरीस, पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून, तो ज्ञानाच्या शोधात घराबाहेर पडला (या निर्णयाची किंमत घरातल्यांनीही मोजली, हे विसरता येत नाही). पुणे, काशी, नेपाळ, मग सिंहलद्वीप (म्हणजे श्रीलंका) असा हा प्रवास होता; तेथे त्यांनी पाली, म्हणजे थेरवादी बौद्ध ग्रंथांची भाषा, आत्मसात केली. पुढे हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्ध साधनाग्रंथाच्या संपादनाचे काम त्यांनी केले.

ज्या कथेने त्यांच्या आयुष्याला अर्थ दिला होता, तिचीच त्यांनी पुढे कठोर तपासणी केली, यात त्यांचे असामान्यत्व आहे. वृद्ध, रोगी व मृत माणूस पाहून राजपुत्र सिद्धार्थ विरक्त झाला आणि मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही आख्यायिका कोणाच्याही अंतःकरणाला भिडणारी आहे. पण ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात कोसंबींनी ती ऐतिहासिक म्हणून स्वीकारली नाही. ‘मज्झिमनिकाय’ या प्राचीन सुत्तसंग्रहात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या संकलनात, आईवडील रडत असताना गौतमाने घर सोडले असा उल्लेख आहे, तेव्हा गुपचूप निघून जाण्याची गोष्ट टिकत नाही. ‘सुत्तनिपात’ या संग्रहातील अत्तदण्डसुत्तात शस्त्र उगारून भांडणारी माणसे पाहून आलेल्या उद्वेगाचे वर्णन आहे. त्याच्या आधारे, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य, म्हणजे गौतमाचे कुळ, व शेजारचे कोलिय यांच्यात पेटलेल्या कलहाशी गृहत्यागाचा संबंध त्यांनी जोडला.

हा निष्कर्ष सर्व अभ्यासकांना मान्य होईलच असे नाही, कारण सुत्तांचा कालानुक्रम हा स्वतःच वादाचा विषय आहे. तथापि आख्यायिका बाजूला सारल्यावरही कोसंबींची बुद्धावरील निष्ठा उणावली नाही. पाण्यासाठी शस्त्र उचलण्यास नकार देणारा गौतम त्यांना अधिक जवळचा वाटला, आणि समाजातील हिंसेचा प्रश्न त्यांच्या पुढील लेखनाच्या केंद्रस्थानी आला.