घर घेताना नळ सोडून पाहा

घर घ्यायला निघालेला माणूस खिडकीतून वारा येतो का पाहतो, देव्हारा कोठे बसेल ते पाहतो, आणि नळाला हातही न लावता बयाणा देऊन मोकळा होतो. कामगाराच्या हयातभराचा प्रॉव्हिडंट फंड ज्या चार भिंतींत जातो, तिथे वर्षाच्या आत न्हाणीघर फोडावे लागले तर त्याला पुन्हा सावकाराचे दार आहेच. अशी बिऱ्हाडे मी पाहिली आहेत.

घर पाहायला सकाळी जावे, आणि पहिला नळ आपण सोडावा. जुन्या इमारतींतले नळ जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. मुलामा झिजला की आतून गंज धरतो, त्याचे थर साचतात आणि अर्ध्या इंची नळाची वाट बोरूएवढी होते. रात्रभर साचलेले पाणी तांबूस आले, तर समजावे. विकणाऱ्याने आधीच नळ सोडून ठेवला असेल, तर हे कळायचे नाही.

धार बारीक आली म्हणून लगेच नळाला दोष देऊ नका. टाकीतले पाणी तोटीपेक्षा १० मीटर उंच असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो पडतो. ३ मीटर असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. म्हणून गच्चीखालच्या घरात धार मंदच असायची. पण चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असूनही ती मंद असेल, तर नळ आतून भरला आहे.

मग सर्व तोट्या बंद करून अर्धा तास मीटर पाहा. काटा हलला तर गळती आहे. न्हाणीत दोन बादल्या ओता. पाणी तुंबते का, घाण वास येतो का, पाहा. आणि खालच्या बिऱ्हाडात जाऊन छताचे पोपडे बघा. विकणारा लपवील ते खालचा शेजारी न विचारता सांगेल!

नव्या घराला २०१६च्या रेरा कायद्याचा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. हातून हात फिरलेल्या जुन्या घराला हा आधार सहसा नसतो. तिथे करारापूर्वीच प्लंबर नेऊन खर्च काढावा आणि तेवढी किंमत उतरवून मागावी. प्लंबरला मात्र त्याची मजुरी द्या, चहावर भागवू नका.